पोटगीवर मॉर्गेज मिळतं, तोंडी पोटगीवर मिळत नाही

ताई, नमस्कार.
मी ३७ वर्षांची, इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहते. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी मुलांना घेऊन भाड्याच्या घरात आले. घटस्फोटाचा ऑनलाइन अर्ज केला आहे, भांडण असं काही नाही. शाळेत पार्टटाइम काम करते, पगार वर्षाला २१ हजार, हातात महिना १,५५० पौंड येतात. मुलांच्या बाबांचा पगार साधारण ६५ हजार. मुलं एक वीकेंड सोडून एक त्यांच्याकडे राहतात. ते महिन्याला १,१५० देतात: ७५० मुलांचे आणि ४०० माझे, माझे तीन वर्षांपर्यंत, असं आमचं तोंडी ठरलं आहे. कधी सगळे इथल्या खात्यात टाकतात, कधी थोडे माझ्या पुण्याच्या खात्यात. युनिव्हर्सल क्रेडिटचे (कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला मिळणारी सरकारी मदत) १,३५५ येतात, त्यात भाड्याचे ९५० आहेत. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांचा सरकारी भत्ता, वेगळं. आमचं घर तेच ठेवणार आहेत, माझ्या हिश्श्याचे ५५ हजार देणार म्हणतात. पुण्यात वाकडला एक फ्लॅट आहे, दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. बँकेत चौकशी केली तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, बेनिफिट आम्ही धरत नाही. हे म्हणतात वकिलांना कशाला पैसे घालतेस, मी देतोच आहे ना. आई म्हणते पुण्याला परत ये. माझे बाबा १२ लाख रुपयांची एफडी मोडायला निघालेत. मला सव्वादोन लाख पौंडांपर्यंतचं दोन खोल्यांचं घर घ्यायचं आहे. मला कुणी मॉर्गेज, म्हणजे घरासाठी कर्ज, देईल का? माझं शिक्षण मराठीत झालं, इथले फॉर्म वाचून डोकं दुखतं, म्हणून तुम्हाला लिहिते.
– एक वाचक

देतील. काउंटरवरच्या मुलीने तिच्या बँकेचा नियम सांगितला, देशाचा कायदा नाही. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट आणि मुलांची पोटगी यांतलं काय धरायचं आणि किती धरायचं हे इथे प्रत्येक बँक आणि बिल्डिंग सोसायटी (घरासाठी कर्ज देणारी संस्था) आपापलं ठरवते. एक पूर्ण धरेल, दुसरी निम्मं, तिसरी अजिबात नाही. पगार मात्र सगळ्यांना लागतो आणि तो तुम्हाला आहे.

तुमची अडचण वेगळीच आहे. दर महिन्याला येणाऱ्या १,१५० पौंडांबद्दल तुमच्याकडे एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. बँक पोटगी मोजताना तीन गोष्टी बघते: कुठल्या कागदावर ठरली, खात्यात दरमहा तेवढीच आणि वेळेवर येते का, आणि अजून किती वर्षं येणार. तिन्हींवर आज तुमचं उत्तर लंगडं आहे. म्हणून घरं बघणं सध्या थांबवा. आधी कागद.

(पुढे जे सांगते ते इंग्लंड आणि वेल्सचं आहे. स्कॉटलंडचा कौटुंबिक कायदाही वेगळा आणि घरखरेदीचा करही वेगळा. घरखरेदीचा कर वेल्समध्येही वेगळा आहे, इथे दिलेला इंग्लंडचा आहे. बेनिफिटचे आकडे २०२५-२६ चे आहेत, ते दर एप्रिलला बदलतात.)

वकिलांना कशाला पैसे, या वाक्याचं बघू. घटस्फोट ऑनलाइन होतो, त्याला वकील लागत नाही, हे खरं. पण घटस्फोटाच्या आदेशाने पैशांचं काहीच ठरत नाही. त्यासाठी कन्सेंट ऑर्डर लागते, म्हणजे तुमच्यात जे ठरलं ते लिहून, दोघांच्या उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या माहितीसह कोर्टाकडून मंजूर करून घेतलेला आदेश. तो नसेल तर ५५ हजार हा शब्द आहे, हक्क नाही. अर्जापासून वीस आठवड्यांनी कंडिशनल ऑर्डर (घटस्फोटाचा पहिला, सशर्त आदेश) मागता येते आणि ती मिळाली की कन्सेंट ऑर्डर कोर्टात टाकता येते. त्यानंतर सहा आठवडे आणि एका दिवसाने फायनल ऑर्डर (घटस्फोट पुरा करणारा आदेश) मागता येते, पण पैशांच्या आदेशावर शिक्का बसेपर्यंत ती मागू नका. त्यांचं पेन्शन हीसुद्धा वाटणीतली मालमत्ता आहे, तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. सॉलिसिटरला पहिला प्रश्न तोच विचारा. दुसरा प्रश्न, घर जॉइंट टेनन्ट्स म्हणून घेतलं होतं का. तसं असेल तर उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर तुमचा हिस्सा आपोआप त्यांच्याकडे जातो. एका साध्या नोटिशीने ते मोडता येतं.

आता ७५० आणि ४०० वेगवेगळे करू. तुमच्या घरात ते एकाच ट्रान्सफरने येतात, पण कायद्याच्या नजरेत त्यांचं एकमेकांशी नातं नाही.

मुलांची पोटगी युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये उत्पन्न म्हणून धरतच नाहीत. ७५० येवोत की ९०० येवोत, क्रेडिट एक पेनीने कमी होत नाही. बायकोच्या नावाची पोटगी मात्र पौंडाला पौंड कापली जाते. तुमचा १,३५५ चा आकडा मी मांडून पाहिला. तुमचा स्वतःचा भाग ४००, मोठ्या मुलाचे ३३९, धाकटीचे २९३, भाड्याचे ९५०. पगारातले पहिले ४११ सोडून उरलेल्यावर ५५ टक्के कपात, म्हणजे सुमारे ६२६ वजा. उत्तर बरोबर १,३५५ येतं. याचा अर्थ तुमचे ४०० पौंड त्यात कुठेच मोजलेले नाहीत, म्हणजे बहुधा तुम्ही ते युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये कळवलेले नाहीत. हेतू वाईट नसणार, तुम्हाला ते मुलांच्याच पैशांतले वाटले असतील. पण आज रात्री जर्नलमध्ये लिहा. जास्तीचं आलेलं ते पुढच्या हप्त्यांतून वळतं करून घेतील. लपवलं असं दिसलं तर मात्र प्रकरण दंडाकडे जातं, आणि मॉर्गेजवाली बँक तुमची क्रेडिटची स्टेटमेंट्स आणि बँकेची स्टेटमेंट्स शेजारी ठेवूनच वाचते.

तर हे ४०० तुम्हाला प्रत्यक्षात काय देतात? क्रेडिट चालू आहे तोवर शून्य. एका हाताने येतात, दुसऱ्या हाताने जातात. आणि तीन वर्षांनी संपणारं उत्पन्न तीस वर्षांच्या कर्जासाठी कुठलीही शहाणी बँक धरणार नाही. शिवाय तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर बायकोची पोटगी त्याच दिवशी थांबते. माझा सल्ला सरळ आहे, हे ४०० घेऊ नका. त्याऐवजी तीन वर्षांचे होणारे १४,४०० तुमच्या हिश्श्यात वाढवून मागा. ५५ हजारांचे ६९,४०० होतील. त्यांना तेवढाच खर्च, तुम्हाला तो नव्या घराचं डिपॉझिट, म्हणजे स्वतः भरायची रक्कम, म्हणून खराखुरा उपयोगाचा. ते म्हणतील, एवढी रक्कम एकदम कुठून आणू. तेव्हा त्यांच्या पेन्शनचा विषय टेबलावर येऊ द्या.

मुलांच्या पोटगीचा आकडाही तपासून घ्या. तोंडी ठरलेले ७५० ठीक वाटतात, पण चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस या मुलांची पोटगी ठरवणाऱ्या सरकारी खात्याच्या सूत्राने काय येतं ते बघू. ६५ हजार म्हणजे आठवड्याला १,२५०. दोन मुलांसाठी पहिल्या ८०० वर १६ टक्के, म्हणजे १२८. वरच्या ४५० वर १२ टक्के, म्हणजे ५४. एकूण आठवड्याला १८२, महिन्याला ७८८. पण मुलं एक वीकेंड सोडून एक वीकेंड तिकडे दोन रात्री राहतात, वर्षाला ५२ रात्री. ५२ रात्री झाल्या की सातवा भाग कमी होतो. उरले आठवड्याला १५६, महिन्याला ६७६. त्यांनी पगारातून पेन्शनमध्ये भर घातली असेल तर तीही आधी वजा होते, म्हणजे आकडा आणखी खाली. (रात्री ५१ आहेत की ५२, यावरून चांगल्या शिकलेल्या माणसांना मी कॅलेंडर घेऊन भांडताना पाहिलं आहे. तुम्ही भांडू नका, पण कॅलेंडर ठेवा.)

हा हिशेब मुद्दाम मांडला. मुलांची पोटगी कन्सेंट ऑर्डरमध्ये ७५० लिहिली, तरी आदेशाला बारा महिने झाले की दोघांपैकी कुणीही सर्व्हिसकडे अर्ज करू शकतं आणि मग कोर्टाचा आकडा जाऊन सूत्राचा आकडा लागू होतो. म्हणून आदेशात ७५० लिहून घ्या, पण हप्त्याचं गणित ६७६ वर करा. अर्ज करायला आता फी नाही, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली. पैसे सर्व्हिसमार्फत वसूल करून घ्यायची वेळ आली तर मात्र त्यांच्यावर वर २० टक्के चढतात आणि तुमच्यातून ४ टक्के कापतात. तेव्हा ते टाळण्यात दोघांचं हित आहे, हे त्यांना गोडीत सांगायला हरकत नाही.

पुण्याच्या खात्यात थोडे थोडे टाकणं आजपासून बंद. तुम्हाला ते सोयीचं वाटत असेल, वाकडचा मेंटेनन्स परस्पर भरला जात असेल, पण इथल्या बँकेच्या दृष्टीने ते पैसे आलेच नाहीत. एका महिन्यात ११५०, पुढच्या महिन्यात ७२०, तिसऱ्या महिन्यात शाळेच्या ट्रिपचे त्यांनीच भरले, अशी स्टेटमेंट्स बघून बँक सगळ्यांत खालचा आकडा धरेल नाहीतर पोटगीच सोडून देईल. त्यांना सांगा, मुलांच्या पैशांची वेगळी स्टँडिंग ऑर्डर लावा, ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम, आणि रेफरन्समध्ये ‘चाइल्ड मेंटेनन्स’ एवढंच लिहा. बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांच्या नोंदी मागतात. आज सुरू केलंत तर कोर्टाचे कागद येईपर्यंत नोंदीही तयार होतील.

आता घर घेतल्यावरचं आयुष्य. इथे भल्याभल्यांचा हिशेब चुकतो, कारण लोक आज हातात येणाऱ्या रकमेवर घर ठरवतात. तुमचे भाड्याचे ९५० घराच्या किल्ल्या मिळाल्या की बंद. मॉर्गेजच्या हप्त्यासाठी युनिव्हर्सल क्रेडिट असे पैसे देत नाही. पण भाड्याची मदत नसलेल्याला पगारातले ४११ ऐवजी ६८४ सोडतात, म्हणून कपातही ६२६ वरून सुमारे ४७६ वर येते. तुम्हाला महिना ५५५ च्या आसपास मिळत राहतील. ब्रोकरला, म्हणजे तुमच्यासाठी बँक शोधून देणाऱ्या मध्यस्थाला, हाच आकडा सांगा. १,३५५ ची स्टेटमेंट्स तर तुम्हाला दाखवावी लागणारच, पण त्यातलं भाडं वजा करून बोलणारी बाई समोर बसली की ब्रोकर तुमच्याशी वेगळ्या स्वरात बोलेल.

मांडणी अशी. पगार २१ हजार, मुलांची पोटगी ६७६ च्या हिशेबाने वर्षाला ८,१००, चाइल्ड बेनिफिट आठवड्याला ४३.३० म्हणजे वर्षाला सुमारे २,२५०, क्रेडिटचे ६,६६०. बेरीज ३८ हजार. सगळं धरणारी बँक साडेचार पटीपर्यंत गेली तर १ लाख ७१ हजार. नुसत्या पगारावर तीच पट ९४,५०० येते. बँक निवडण्याने किती फरक पडतो ते यावरून दिसेल. सव्वादोन लाखांचं घर, त्यावर २ हजार स्टॅम्प ड्यूटी, सॉलिसिटर आणि सर्व्हे धरून तीनेक हजार. त्यातून ६९,४०० गेले की कर्ज उरतं १ लाख ६० हजारांचं. ५ टक्के व्याज आणि तीस वर्षं धरली तर हप्ता महिना ८६० च्या आसपास. तेव्हा तुमच्या हातात सगळं मिळून तीन हजारांच्या थोडं खाली येत असेल. जमतं. ओढाताण आहे, पण जमतं.

आज जमतं, पण सात वर्षांनंतर? मुलगा अठराचा होईल, शिक्षण संपवेल, आणि त्या उन्हाळ्यानंतर तीन गोष्टी एकदम गळतील. क्रेडिटमधले त्याचे ३३९, चाइल्ड बेनिफिटमधले ७५, आणि पोटगी दोनाची एक झाल्यामुळे आणखी १७० च्या आसपास. महिन्याला ५८० पौंडांहून जास्त, एका फटक्यात. चार वर्षांनी धाकटीचंही तेच. पोटगी आणि चाइल्ड बेनिफिट दोन्ही साधारण १६ पर्यंत, आणि मूल शाळा-कॉलेजच्या मान्य शिक्षणात असेल तर जास्तीत जास्त २० पर्यंत. युनिव्हर्सिटीची वर्षं त्यात येत नाहीत. काही बँका म्हणूनच मुलांची वयं विचारतात आणि कर्जाची पहिली काही वर्षं तरी पोटगी चालणार का ते बघतात. मुलगी सात वर्षांची आहे हे तुमच्या बाजूचं आहे.

त्यावर उपाय एकच, तो तुम्हालाही माहीत आहे: पगार वाढवणं. मुलगा सेकंडरीत जाईल तेव्हा शाळेतले तास वाढवून मागा किंवा पूर्णवेळेची जागा बघा. मिळणाऱ्या जादा पगारातून क्रेडिट ५५ टक्के कापतं, ते टोचतं, मला कल्पना आहे. तरी क्रेडिट हे ओसरत जाणारं उत्पन्न आहे आणि पगार तुमचा. पुढच्या फिक्स्ड डीलच्या (ठरावीक वर्षांसाठी व्याजदर बांधून घ्यायच्या) वेळी बँक तेच बघेल.

आणखी एक शक्यता आपल्या लोकांत नेहमीची, पण इथल्या सल्लागारांच्या डोक्यात येत नाही. मुलांच्या बाबांच्या कंपनीने त्यांना बंगळूरला परत पाठवलं तर? किंवा तेच कंटाळून गेले तर? चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिसचा हात साधारणपणे इथे राहणाऱ्या पालकापर्यंतच पोचतो. भारतात राहून भारतीय कंपनीत नोकरी करणाऱ्याकडून ती वसूल करत नाही. तेव्हा तुमच्याकडे कोर्टाचा आदेश असेल तर निदान काहीतरी हातात आहे. तोंडी बोलण्यावर होतात तर काहीच नाही. वकिलाच्या फीबद्दल पुन्हा विषय निघाला तर एवढंच सांगा. आणि त्यांच्या आयुर्विम्याची अट आदेशात घालून घ्या, मुलं शिकून होईपर्यंत, लाभार्थी मुलं किंवा तुम्ही. देणारा माणूस गेला की पोटगी त्याच्याबरोबर जाते, मॉर्गेज जात नाही.

आता वाकड. हा फ्लॅट दोन ठिकाणी सांगावाच लागेल आणि बहुतेक जण दोन्हीकडे गप्प बसतात. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये बचत आणि मालमत्ता मिळून १६ हजार पौंडांच्या वर गेली की क्रेडिट बंद होतं, ६ हजारांच्या वर गेली की कपात सुरू होते. परदेशातली मालमत्ताही त्यात येते. पण किंमत धरताना विक्रीचा खर्च म्हणून १० टक्के आणि वरचं कर्ज वजा करतात. समजा फ्लॅट ९० लाखांचा आणि कर्ज ७० लाखांचं बाकी असेल, तर ९० मधून ९ आणि ७० गेले, राहिले ११, तुमचा अर्धा हिस्सा साडेपाच लाख, म्हणजे ५ हजार पौंडांच्या आत. काही बिघडत नाही. कर्ज बरंच फिटलं असेल तर मात्र गणित पार उलटतं, आणि तसं असेल तर घाई करून सल्ला घ्या. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थेत बेनिफिटचे प्रश्न फुकट बघतात.

मॉर्गेजच्या अर्जात कर्ज जास्त नडेल. वाकडचा हप्ता मुलांचे बाबा भरत असले, तरी कर्जावर तुमचं नाव आहे तोवर तो तुमचाही हप्ता. महिना ५०-६० हजार रुपये म्हणजे पाचेकशे पौंड तुमच्या खर्चात धरले गेले की वरचं सगळं गणित कोसळेल. फ्लॅट तेच ठेवणार असतील तर कर्जातून तुमचं नाव काढायला भारतातल्या बँकेची लेखी संमती घ्या आणि तुमचा हिस्सा त्यांच्या नावे करा. हे काम फायनल ऑर्डरच्या आधी करा. महाराष्ट्रात राहत्या घराचं बक्षीसपत्र नवरा-बायकोत झालं तर मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये, वर अधिभार. घटस्फोट झाल्यावर तुम्ही नवरा-बायको नाही आणि सवलतही नाही. मुखत्यारपत्र इथे नोटरी आणि अपॉस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून पाठवता येतं. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. मसुदा मात्र पुण्यातल्या वकिलाकडून करून घ्या, इंटरनेटवरून उतरवलेला नको. आणि तुमचा हिस्सा फुकट सोडू नका. त्याची किंमत इथल्या वाटणीत धरली गेली पाहिजे.

इथल्या घराचंही तसंच. मॉर्गेजवर दोघांची नावं असतील तर बँकेने तुम्हाला लेखी मुक्त करेपर्यंत पूर्ण हप्ता तुमच्या डोक्यावर, तुम्ही तिथे राहत नसलात तरी. त्यांना ते कर्ज एकट्याच्या नावावर घ्यावं लागेल, वर तुमचे पैसे उभे करावे लागतील, आणि त्यांची बँक त्यांच्या पगारातून पोटगी वजा करून बघेल. नाही जमलं तर घर विकणं हाच मार्ग. हिस्सा त्यांच्या नावे झाल्यावरच नवीन घराचं काँट्रॅक्ट एक्स्चेंज करून, म्हणजे व्यवहार पक्का करून, पुढे सरका. त्या आधी घेतलंत तर ते दुसरं घर ठरून ५ टक्के जादा स्टॅम्प ड्यूटी, म्हणजे सव्वादोन लाखांवर ११,२५० पौंड, आधी भराव्या लागतील, मग परत मागत बसा. राहत्या घरातला हिस्सा देऊन किंवा विकून तीन वर्षांच्या आत नवं राहतं घर घेतलं तर ही जादा ड्यूटी लागत नाही, वाकडला फ्लॅट असला तरी. ज्यांनी इथे कायम भाड्यानेच दिवस काढले आणि भारतात नावावर घर आहे, त्यांनी मात्र हा नियम नीट वाचावा. त्यांना ही सवलत नाही, आणि भारतातला हिस्सा ४० हजार पौंडांचा किंवा जास्त असेल तर जादा ड्यूटी बसते.

यात दोन घड्याळं चालू आहेत. तुम्ही घर सोडल्यापासून सहा महिने त्या घरातला तुमचा हिस्सा क्रेडिटमध्ये मोजत नाहीत. चार गेले. वाटणी किंवा विक्रीची खटपट चालू आहे हे जर्नलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे मुदत वाढवून मागता येईल. दुसरं घड्याळ पैसे हातात आल्यावर सुरू होतं. जुन्या राहत्या घराचे पैसे आणि त्यातून दुसरं घर घ्यायचा इरादा असेल, तर तेही सहा महिने बाजूला ठेवतात. ते वेगळ्या खात्यात ठेवा, त्याला हात लावू नका आणि कळवा.

बाबांच्या एफडीला हे संरक्षण नाही. १२ लाख इथल्या खात्यात येऊन पडले की ती तुमची बचत झाली, आधीच्या बचतीत मिळून १६ हजारांची रेघ ओलांडायला वेळ लागत नाही. म्हणून बाबांचे पैसे बाबांच्याच खात्यात राहू देत, खरंच लागलेच तर एक्स्चेंजच्या तोंडावर मागवा. पाठवतानाही एका वर्षात एका व्यक्तीकडून १० लाखांपर्यंतच पाठवलेलं बरं, वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस हा कर आधीच कापून घेते आणि तो रिटर्न भरून परत मिळवावा लागतो. आई आणि बाबांनी आपापल्या खात्यातून पाठवले तर ही कटकट वाचते. सोबत बक्षिसाचं पत्र, एफडी मोडल्याची पावती, पासबुकची पानं, सगळं इंग्रजीत. इथले सॉलिसिटर पैसा कुठून आला हे शेवटच्या रुपयापर्यंत विचारतात, त्यात अपमान मानू नका. पण वर मांडलेल्या हिशेबात मला त्यांचे पैसे लागले नाहीत. म्हातारपणीची एफडी मोडू देऊ नका.

आईंच्या म्हणण्याबद्दल मी काय बोलणार. एवढंच की चाइल्ड बेनिफिट आणि क्रेडिट यांतलं पुण्याला काहीच तुमच्यामागे येणार नाही, पोटगीही आदेशाशिवाय नाही.

जाता जाता दुसऱ्या वाचकांसाठी. तुम्ही ब्रिटिश पासपोर्टधारक आहात असं धरून हे सगळं लिहिलं आहे. डिपेन्डन्ट किंवा नोकरीच्या व्हिसावर जिच्या कागदावर ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) लिहिलं आहे, तिने युनिव्हर्सल क्रेडिट किंवा चाइल्ड बेनिफिटचा अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. नवऱ्याच्या व्हिसावर असाल तर विभक्त झाल्याने व्हिसाच धोक्यात येतो, तो प्रश्न मॉर्गेजच्या आधीचा.

ब्रोकर निवडताना तो सगळ्या बाजारातल्या बँका बघतो का आणि फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या देखरेख करणाऱ्या संस्थेच्या रजिस्टरवर आहे का ते तपासा. पहिल्याच फोनवर विचारा: दोन मुलांची पोटगी कोर्टाच्या आदेशाने, क्रेडिट महिना ५५५ घर घेतल्यानंतरचं, चाइल्ड बेनिफिट, पगार २१ हजार, यातलं काय काय कोण धरतं? दोन-तीन बँकांची नावं घेऊन तिथल्या तिथे बोलू लागला तर भेटायला जा. ‘आधी अर्ज तर भरू’ म्हणाला तर फोन ठेवा. प्रत्येक पुरा अर्ज तुमच्या क्रेडिट फाइलवर (कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदींवर) उमटतो, आणि ती फाइल अजून मुलांच्या बाबांच्या फाइलशी जोडलेली आहे. एकत्र खाती आणि कर्जं बंद झाली की क्रेडिट एजन्सींना कळवून ती गाठ सोडवून घ्या. त्या भेटीला शिक्क्याची कन्सेंट ऑर्डर, सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, जर्नलमधून उतरवलेली क्रेडिटची स्टेटमेंट्स, चाइल्ड बेनिफिटचं पत्र आणि तीन पे-स्लिपा घेऊन जा. फॉर्म इंग्रजीतले असतील, पण त्यातला प्रत्येक आकडा आता तुमच्याकडे आहे.